मीसुद्धा एन्युमरेटर होते!



बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मध्ये डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग गौरी-गणपती, मग पाहुणे... असो. आजचा विषय जरा वेगळा आहे. वाचून धाकट्या जावेचा फोन येणारच, "ताई, तुम्हाला आता हे काय नवीन सुचलंय?" म्हणून आधीच सांगून टाकते, या वयात मला प्रोग्रामर व्हायचं नाहीये. मराठी माध्यमातून बी.ए. केलेली, जन्मभर सातवीला मराठी आणि इतिहास शिकवलेली बाई मी. पण परवा एक शब्द कानावर पडला आणि तिथून जे विचार सुरू झाले ते काही केल्या थांबेनात. तेव्हा म्हटलं, लिहूनच टाकावं.

माझी नात अकरावीत आहे. केंद्रीय बोर्डाची शाळा, त्यामुळे कॉम्प्युटरच्या विषयात पायथन नावाची भाषा आहे. संध्याकाळी ती डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून बसते आणि मी समोर भाजी निवडत. परवा ती स्वतःशीच पुटपुटत होती, "फॉर आय कॉमा नेम इन एन्युमरेट नेम्स..."

माझ्या हातातली मेथीची काडी हातातच राहिली.

"काय म्हणालीस? एन्युमरेट?"

"हो आजी. एक फंक्शन आहे. तुला नाही कळायचं ते."

"मला नाही कळायचं? अगं, मी स्वतः एन्युमरेटर होते! सरकारी ओळखपत्र होतं माझ्याकडे!"

आता तिचा हात थांबला. :)

तुमच्यापैकी जे शिक्षक होते त्यांना लगेच कळलं असेल. १९८१ आणि १९९१ या दोन्ही जनगणनांना माझी ड्यूटी लागली होती. मराठी कागदांवर आमचं पद 'प्रगणक' असं असायचं आणि इंग्रजीत एन्युमरेटर. आधी घरयादीचं काम. गेरूचा डबा नि ब्रश घेऊन निघायचं, दारावर नंबर घालायचा, तोच नंबर यादीत लिहायचा आणि त्याच ओळीत घरमालकाचं नाव. मग फेब्रुवारीत पुन्हा घरोघर जाऊन माणसांची मोजणी. ज्यांना घरच नाही अशांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री. एस.टी. स्टँडवर कंदील घेऊन फिरल्याचं अजून आठवतं.

प्रशिक्षण देणाऱ्या साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "आधी नंबर मांडून ठेवून मागून नावं भरू नका. आणि आधी नावं लिहून घरी जाऊन नंबर घालू नका. ज्या दारात उभे आहात तिथेच दोन्ही करा." तेव्हा वाटलं होतं, एवढ्याशा गोष्टीचं काय कौतुक? पुढे मला ती गोष्ट फार महागात पडून समजली. ते पुढे सांगतेच.

नातीला ही हकिगत सांगितल्यावर ती म्हणाली, "आजी, अगदी हेच करतं हे फंक्शन!" आणि मग तिने मला शिकवायला घेतलं. मी शिकवलेल्या मुलांना जेवढा धीर मी दिला नसेल तेवढा तिने मला दिला. मला जे समजलं ते माझ्या भाषेत सांगते.

समजा, वर्गातल्या मुलांच्या नावांची यादी आहे. या यादीला पायथनमध्ये लिस्ट म्हणतात. यादीतलं एकेक नाव घेऊन काही करायचं असेल तर लूप लावायचा, म्हणजे पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत प्रत्येकाकडे एकदा जायचं. नुसती नावं हवी असतील तर काम सोपं आहे. पण नावाबरोबर त्याचा नंबरही हवा असेल तर? त्याचे तीन रस्ते आहेत.

पहिला रस्ता, एक मोजणारा वेगळा ठेवायचा. सुरुवातीला तो शून्यावर आणि एकेक नाव झालं की त्याला एकने पुढे सरकवायचं. आपण बोटं मोडत मोजतो ना, तसं. यातली गोम अशी की पुढे सरकवायचं काम आपल्याकडे असतं. विसरलं की संपलं. त्यातून मधल्याच एखाद्या नावाला वगळून पुढे जायचं असेल, तर उडी मारताना मोजणाऱ्याला सरकवण्याची ओळही ओलांडली जाते आणि मोजणारा मागेच राहतो.

दुसरा रस्ता, यादीत किती नावं आहेत ते आधी विचारायचं, तेवढे आकडे मांडायचे आणि प्रत्येक आकडा घेऊन "या जागेवर कोण आहे?" असं यादीला विचारायचं. रेंज आणि लेन असे दोन शब्द त्याला लागतात. चालतं, पण मला हा प्रकार मुळीच आवडला नाही. मुलगा समोर बसलाय, त्याचं नाव आपल्याला ठाऊक आहे, तरी "नंबर एकवीस, उभा राहा!" म्हणण्यासारखं वाटतं.

तिसरा रस्ता एन्युमरेट. यादी त्याच्या हाती द्यायची. तो दर फेरीला आपल्या हातात जोडी ठेवतो, नंबर आणि नाव. मोजायचं काम त्याचं, आपलं लक्ष माणसाकडे. आणखी एक गंमत म्हणजे तो सगळ्या जोड्या आधी तयार करून ठेवत नाही. दारात गेलं की त्या दाराची जोडी देतो. म्हणजे वस्तीत घरं किती आहेत हे आधी माहीत नसलं तरी त्याचं अडत नाही. दुसऱ्या रस्त्याने जायचं तर "एकूण किती?" हे आधी कळावं लागतं. आम्हा प्रगणकांना ते कुठे माहीत असायचं? ते शोधायलाच तर निघालेलो असायचो!

ही सोय पायथनमध्ये पहिल्या दिवसापासून नव्हती. ही भाषा गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ साली लोकांपुढे ठेवली. रेमंड हेटिंजर यांनी एन्युमरेटचा प्रस्ताव लिहिला तो जानेवारी २००२ मध्ये आणि जुलै २००३ च्या २.३ आवृत्तीत ते आलं. म्हणजे बारा वर्षं लोक पहिले दोन रस्तेच तुडवत होते. इतकी साधी गोष्ट सुचायला, किंवा सुचलेली मान्य व्हायला, वेळ लागतोच. आमच्या शाळेत फळ्याशेजारी डस्टरला खुंटी लागायलासुद्धा किती वर्षं गेली!

आणि हो, एक गोष्ट कळल्यावर मला मनापासून आनंद झाला. पायथनच्या तिसऱ्या अवतारात, म्हणजे २००८ च्या अखेरीपासून, आपण द्यायची नावं देवनागरीत देता येतात. 'आय' आणि 'नेम' ऐवजी मी सरळ 'क्रमांक' आणि 'नाव' लिहिलं आणि प्रोग्राम चालला! भाषेचे स्वतःचे शब्द मात्र इंग्रजीच लागतात. २००७ साली हा ब्लॉग सुरू केला तेव्हा बरहामधून एकेक अक्षर उमटताना पाहून जसं वाटलं होतं, अगदी तसंच वाटलं.

पण लगेचच आमचं भांडण झालं. कारण पहिल्या नावापुढे नंबर आला शून्य.

"हे चुकलंय," मी म्हटलं. "हजेरीत शून्य नंबर कुणाचा असतो का?"

"चुकलं नाहीये आजी. कॉम्प्युटरमध्ये शून्यापासूनच मोजतात."

"का पण?"

तिने डोकं खाजवलं. मग म्हणाली, "तू रॉकेलच्या रांगेच्या गोष्टी सांगतेस ना? तर हा नंबर म्हणजे तुझ्या पुढे किती जण उभे आहेत तो आकडा. पहिल्याच्या पुढे कोणी नाही, म्हणून शून्य."

पस्तीस वर्षं मास्तरकी केली, पण इतकं सोपं उत्तर मला सुचलं नसतं. तळमजल्याचंही तसंच की. एकही जिना न चढता पोचतो तो तळमजला, एक जिना चढल्यावर पहिला.

या शून्य-एकवरून जाणत्यांमध्येही पूर्वापार वाद आहेत. डाइक्स्ट्रा नावाच्या मोठ्या डच संगणकतज्ज्ञाने ११ ऑगस्ट १९८२ रोजी, मोजणी शून्यापासूनच का करावी यावर हाताने लिहिलेलं एक टिपण आहे. त्यातला मुद्दा साधारण असा, की शून्यापासून सुरुवात केली आणि 'इतक्याच्या आत' असा शेवट धरला, तर शेवटचा आकडा म्हणजेच एकूण संख्या. सत्तेचाळीस मुलं असतील तर शून्यापासून सत्तेचाळीसच्या आत. एक मिळवा, एक वजा करा, ही भानगडच नाही. आणि चुका होतात त्या या एकाच्याच असतात. तरीही फोरट्रान ही जुनी भाषा एकपासून मोजायची, आणि आर, मॅटलॅब, जुलिया, लुआ या भाषा आजही एकपासून मोजतात.

मला आठवलं, माझ्या माहेरी खळ्यावर धान्य मोजताना आजोबा पहिल्या मापाला 'एक' म्हणतच नसत. 'लाभ' म्हणत! लाभ, दोन, तीन... माप रास सोडून पोत्यात पडायचं त्याच क्षणी तोंडातून आकडा निघायचा. हात आणि तोंड एकत्र चालायचं. मध्येच कोणी बोललं तर आजोबा हातही थांबवायचे. हात चालू आणि तोंड बंद असं कधी होऊ द्यायचे नाहीत. म्हणजे सुरुवात लाभापासून करा, शून्यापासून करा, नाहीतर एकपासून. सुरुवात कुठून हा प्रश्न मला तितकासा मोठा वाटत नाही. हात आणि तोंड एकत्र आहेत ना, हा खरा प्रश्न.

शिवाय एन्युमरेटला "बाबा रे, एकपासून मोज" असं सांगताही येतं. ही सोय २००८ च्या २.६ आवृत्तीपासून आली. नातीने तसं करून दाखवलं आणि हजेरीसारखी छान यादी आली. पण तिने लगेच बजावलंही, "आजी, हा एक फक्त दाखवायचा हं. यादीतली खरी जागा शून्यच. हा दाखवायचा नंबर घेऊन तू यादीला 'एक नंबरवर कोण?' असं विचारलंस तर ती तुला दुसऱ्या मुलीचं नाव सांगेल."

दाखवायचा नंबर एक आणि जागा दुसरी. आणि हाती येतं ते शेजारच्याचं नाव.

मंडळी, हे ऐकल्यावर मी भाजी निवडायची थांबले आणि थोडा वेळ गॅलरीत जाऊन बसले. आजवर ब्लॉगवर न लिहिलेली एक गोष्ट आता लिहिते.

१९८४ सालचा एप्रिल. मी तालुक्याच्या गावी सातवीची वर्गशिक्षिका होते. वर्गात जूनमध्ये सत्तेचाळीस मुलं-मुली. दिवाळीनंतर एकोणीस नंबरची मुलगी दाखला घेऊन दुसऱ्या गावी गेली, राहिली सेहेचाळीस. निकालपत्रक करायला घेतलं तेव्हा मी जूनच्या हजेरीवरून सगळी नावं उतरवून काढली. सवयीने एकोणीस नंबरचंही नाव लिहिलं गेलं. गणिताच्या सरांच्या यादीत नुसते गुण होते, एकाखाली एक. पेपर जितके तितके आकडे, म्हणजे सेहेचाळीस. संध्याकाळ झाली होती, दोघांनाही घरी जायची घाई. सरांनी गुण सांगायचे आणि मी लिहायचे असं ठरलं. भरभर व्हावं म्हणून ते नंबर सांगत नव्हते, नावही नाही. नुसते आकडे. बावन्न, एकसष्ट, अडतीस...

तुमच्या लक्षात आलंच असेल. एकोणिसाव्या ओळीत विसाव्याचे गुण गेले, विसाव्या ओळीत एकविसाव्याचे, आणि तसंच शेवटपर्यंत. शाळा सोडून गेलेल्या मुलीला गणितात गुण मिळाले आणि ते माझ्या लक्षात आलं नाही, कारण मी नावांकडे बघतच नव्हते. शेवटी सत्तेचाळिसाव्यापुढे लिहायला आकडाच उरला नाही. तो मुलगा नेहमी दांडी मारायचा. मी बिनदिक्कत 'गैरहजर' लिहिलं.

निकाल १ मे ला लागला. एकतीस नंबरच्या मुलीला गणितात अठ्ठावन्न होते. तिच्या ओळीत लिहिले गेले बत्तीस नंबरचे चौदा. ती नापास.

आठवडाभराने सत्तेचाळीस नंबरच्या मुलाचे वडील आले. "बाई, पोरगं दांड्या मारतं हे खरं, पण गणिताच्या पेपराला मी स्वतः सोडून गेलो होतो त्याला." तेव्हा सगळं उघडकीला आलं. अठ्ठावीस मुलांचे गुण चुकले होते. मुख्याध्यापकांनी निकाल दुरुस्त केला, मला बोललेही नाहीत फारसं. मी एकतीस नंबरचं नवं प्रगतिपुस्तक घेऊन तिच्या वस्तीवर गेले. ती घरी नव्हती. नापास झाली म्हटल्यावर वडिलांनी तिला मामाकडे पाठवून दिलं होतं, मामीचं मूल सांभाळायला. तिच्या आईने प्रगतिपुस्तक हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "आता कशाला, बाई? तिचं तिकडंच ऱ्हायाचं ठरलंया."

जूनमध्ये ती आली नाही. पुढे दोनेक वर्षांनी तिचं लग्न झाल्याचं कळलं. पास झाली असती तर पुढे शिकली असती का? कुणी सांगावं. तेव्हाच्या वस्तीवरच्या किती मुली आठवीत जात होत्या? पण थांबायला कारण मी हातात दिलं, हे खरं. आणि सगळ्यात वाईट काय सांगू? इतकी वर्षं झाली, ती आठवली की आधी तिचा नंबर आठवतो आणि मग नाव. 'एकतीस' म्हणूनच ती माझ्या मनात बसली आहे.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी गुण लिहायला बसले की समोरच्याला तिन्ही गोष्टी सांगायला लावत असे. नंबर, नाव, गुण. आणि मी तिन्ही मोठ्याने परत म्हणत असे. वेळ लागायचा. शिक्षकखोलीत "बाईंची आरती सुरू झाली" म्हणून चेष्टाही व्हायची. होऊ दे.

हे सगळं मी नातीला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आजी, कॉम्प्युटरसुद्धा हीच चूक करतो." आणि तिने मला आणखी दोन गोष्टी दाखवल्या.

एक म्हणजे झिप. दोन याद्या शेजारी शेजारी चालवायच्या असतील, एक नावांची आणि एक गुणांची, तर झिप दोन्हींतून एकेक उचलून जोडी लावतं. पण एक यादी सत्तेचाळीसची आणि दुसरी सेहेचाळीसची असेल तर? झिप आखूड यादी संपली की थांबतं. गुपचूप! सत्तेचाळिसावा कुठे गेला, जोड्या मध्येच सरकल्या का, काही विचारत नाही. अगदी माझ्यासारखं. २०२१ साली आलेल्या ३.१० आवृत्तीपासून त्याला 'स्ट्रिक्ट' असं बजावता येतं. मग मात्र याद्या कमी-जास्त निघाल्या की तो काम सोडून देतो आणि चूक झाल्याचं ओरडून सांगतो. मला वाटतं, हे बजावणं ऐच्छिक ठेवायला नको होतं. दोन याद्यांची लांबी जुळत नाही ही साधीसुधी गोष्ट नव्हे. कुठेतरी एक माणूस हरवलाय असा त्याचा अर्थ असतो.

दुसरी गोष्ट तर अंगावर काटा आणणारी. यादीवरून एकेक नाव घेत जात असतानाच एखादं नाव खोडून टाकलं, की मागचे सगळे एकेक जागा पुढे सरकतात. पण लूप आपला पुढच्या जागेवर जातो. म्हणजे खोडलेल्याच्या जागेवर जो सरकून आला, त्याच्याकडे कोणी बघतच नाही. गेलेल्या मुलीच्या शेजारची मुलगी विनाकारण वगळली जाते. उपाय साधा आहे. चालत्या यादीत खाडाखोड करू नये, राहिलेल्यांची नवी यादी करावी.

आता माझं मत. मत द्यायचा मला काय अधिकार असं कुणी म्हणेल, पण शिकवणं हा माझा धंदा होता, त्या अधिकाराने सांगते. नातीच्या वर्गात आधी जागा शिकवल्या, म्हणजे शून्य नंबरवर काय, एक नंबरवर काय. मग रेंज, मग लेन. आणि एन्युमरेट शेवटी, 'ही एक सोय' म्हणून. मला वाटतं हे उलटं हवं. आधी नुसत्या वस्तूंवरून जायला शिकवा. मग वस्तू आणि नंबर यांची जोडी. आणि नुसत्या नंबराने वस्तू उचलणं सगळ्यात शेवटी, गरज पडली तरच. मूल जे पहिल्यांदा शिकतं ते हाताला लागतं. पहिल्यांदा नंबर शिकला तर जन्मभर तो नंबराकडेच बघतो.

कारण नंबर हा मुळात वस्तूचा नसतोच. तो रांगेचा असतो. शाळेत आमच्याकडे दोन नंबर असत. हजेरी नंबर दर वर्षी बदलायचा. कोणी आलं, कोणी गेलं, मुली आधी की मुलं आधी, की सगळं फिरायचं. पण जनरल रजिस्टरचा नंबर शाळेत पाऊल टाकताना एकदा मिळायचा तो कायमचा. दाखल्यावर तोच. मूल गेलं तरी तो दुसऱ्याला द्यायचा नाही. आधारचंही पाहा. देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. पण ज्यांना ते पहिले मिळाले त्यांचा क्रमांक काही 'एक' नाही. बारा आकडे, वाटेल ते, रांगेशी संबंध नसलेले. ज्याने हे ठरवलं त्याला जागा आणि ओळख यातला फरक नीट ठाऊक होता. आमच्या निकालपत्रकात आम्ही जागेलाच ओळख समजून बसलो होतो.

आणि मोजायचं काय, हेही मोजणाऱ्यानेच ठरवलेलं असतं. मी गंमत म्हणून 'शिक्षक' हा शब्द एन्युमरेटला दिला. माझ्या हिशोबाने अक्षरं तीन, शि, क्ष आणि क. त्याने मोजली सहा! श वेगळा, त्याची वेलांटी वेगळी, क वेगळा, पाय मोडायची खूण वेगळी, ष वेगळा आणि शेवटचा क. त्याचंही बरोबर, माझंही बरोबर. आकडा अचूक आला म्हणजे आपल्याला हवं तेच मोजलं गेलं असं नाही. निकालाच्या दिवशी माझेही सगळे आकडे अगदी अचूक होते. प्रत्येक आकडा सरांनी दिलेलाच होता. फक्त माणसं दुसरी होती.

आता बँकेत टोकन, दवाखान्यात टोकन. मी काही नंबराविरुद्ध नाही हं. नंबराशिवाय इतक्या माणसांचं काम होणारच नाही. म्हणणं एवढंच, की नंबर पुकाराल तेव्हा नावही पुकारा. चूक होते ती हात आणि तोंड वेगवेगळं चालायला लागतं तिथे.

रविवारी नात म्हणाली, "आजी, तुझ्या त्या वर्गाची यादी करू या?" मी सांगत गेले, ती टाइप करत गेली. सत्तेचाळीसपैकी अडतीस नावं आठवली. सगळी देवनागरीत. मग तिने एन्युमरेट लावून प्रोग्राम चालवला आणि पडद्यावर ओळी उमटल्या. पहिल्याच ओळीत शून्य आणि त्यापुढे त्या मुलीचं नाव. आठवायला बसल्यावर सगळ्यात आधी तिचंच सांगितलं होतं मी, माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

"एकपासून करू का गं सुरुवात?" नातीने विचारलं.

म्हटलं, राहू दे. तिच्या पुढे कोणी नाही, ते बरोबरच आहे.

तुमच्यापैकी किती जणांनी जनगणनेची कामं केली आहेत? आणि नंबराने लक्षात राहिलेलं एखादं माणूस तुमच्याकडेही आहे का? असेल तर नावासकट लक्षात ठेवा, एवढंच सांगते. प्रतिक्रिया जरूर लिहा. आता डोळे बरे आहेत, सगळ्या वाचेन.